खडूच्या भिंती

सदर व्यक्ती स्त्री असून वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, व्यवसाय आर्किटेक्ट, बांधा मध्यम, आवाज मध्यमाहून वरचा. ओळखीची खूण: गुडघ्यांवर पांढरे डाग. निवास व सामायिक कलाकार्य यांचा संयोग साधणाऱ्या परिवर्तनक्षम वास्तूंच्या नियोजनाचा सदर व्यक्तीस प्रदीर्घ अनुभव असून, तिच्या सरकत्या भिंतीची प्रत्यक्ष पाहणी करण्याचे समितीने योजिले आहे.

समितीच्या कागदावर असं होतं. ज्यांच्यासाठी ती बांधायची ते लोक तिला सरळ खडूबाई म्हणायचे. कागदावरचा नकाशा पाहून माणसाला काही कळतं, यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. रिकाम्या जागेत खऱ्या मापाचं घर ती खडूने जमिनीवर काढायची आणि पुढे राहायला येणाऱ्यांना दिवसभर त्यात वावरायला लावायची. नियम एकच: भिंतीतून जायचं नाही.

एका जुन्या गोदामात काही कारागिरांसाठी घरं बांधायची होती, तिथेही तिने तेच केलं. मधोमध सगळ्यांचा मिळून एक कारखाना, भोवती घरं, आणि मध्ये सरकत्या लाकडी भिंती. काम वाढलं की घराने आक्रसायचं, पाहुणे आले की कारखान्याने. शिंपीणबाई बोलता बोलता भिंतीतून आरपार गेल्या आणि रेघेची माफी मागून परत आल्या. कुंभाराच्या सासूबाई नसलेल्या दाराबाहेर ताटकळल्या. जावयाला म्हणे टकटक ऐकूच आली नाही.

खरी काळजी होती वाद्यवाल्या काकांची. ते व्हायोलिनं, गिटारी दुरुस्त करायचे. काकूंची उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून दुकानात बसलं की काकांचा जीव घरी. खडूबाईने त्यांना शब्द दिला होता, "काका, बाकावरून मान वर केली की काकू दिसतील." काकांचा बाक आणि काकूंची खोली यांच्यामधली, काकांच्या बाजूने सरकणारी ही तिची सगळ्यात लाडकी भिंत. सुतारमामांनी सांगाडाही तयार ठेवला होता.

दुपारी काकूंना चाकाच्या खुर्चीतून आणून खडूच्या खोलीत बसवलं. काकांनी समोर स्टूल घेतलं. दोघं एकमेकांना छान दिसत होते. बघणारे अगदी भारावले.

"कसं वाटतंय काकू?"

काकू सावकाश बोलायच्या, पण धार शाबूत होती. "पिंजऱ्यात ठेवल्यासारखं."

"अगं, तू मला दिसावीस म्हणून..." काका चाचरले.

"मला दिसायचं नसलं तर? लग्न झाल्यापासून हे तोंड बघतेय, आता शिंपीण नि कुंभारही माझं बघणार. मला उचलता तुम्ही, बसवता तुम्ही, निजवता तुम्ही. भिंतही तुम्हीच सरकवणार. मला कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. माणसांना विचारून बांधते म्हणून खडूबाईचं नाव, आणि या खोलीबद्दल तिने खोलीत राहणारी सोडून बाकी सगळ्यांना विचारलं होतं.

अशा वेळी आर्किटेक्ट समजूत घालायला लागतात. खडूबाई गुडघ्यांवर बसली आणि तळहाताने रेघ पुसून टाकली.

"कशी हवी?"

काकूंनी डावा हात लांब केला. "कडी इथे. माझ्या हाताशी. बाहेरून उघडता कामा नये."

"आणि काही झालं तर?" काकांनी विचारलं.

"स्वयंपाकघराकडून दार आहे ना? तिकडून या. ठोठावून."

सुतारमामांनी कपाळाला हात लावला. "बाई, सांगाडा सगळा उलटा करावा लागेल."

"एकच नाही मामा, सगळ्याच घरांचे. भिंत सरकेल ती घराच्या बाजूनेच. चूक माझी आहे, मीही येते रंधा मारायला."

"नको," मामा घाईघाईने म्हणाले. "काम आहे तेवढंच पुरे."

लोक राहायला आले. काकू सकाळी भिंत उघडायच्या, "ती तार अजून उतरलेलीच आहे," असं काकांना ऐकवायच्या, आणि कंटाळा आला की बंद करायच्या. बंद भिंतीशेजारी निवांत काम करायलाही काका हळूहळू शिकले. याचा शब्द खडूबाईने कुणालाच दिला नव्हता.

मग समिती आली. याच भिंतीची कीर्ती ऐकून आली होती, आणि भिंत बंद होती. अध्यक्षांनी ती जरा ढकलून पाहिली.

"उघडून दाखवता का?"

"मला उघडता येत नाही," खडूबाई म्हणाली.

"आपणच बांधलीत ना?"

"हो."

काकू झोपल्या होत्या. समिती भिंत न बघता परत गेली.