मामांच्या घड्याळावरचे ओरखडे

मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ बांधून रस्त्यात भेटेल त्याला "किती वाजले हो?" असं विचारणारा माणूस या देशात एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे आमच्या हिचे मामा. माझ्या बोलण्यात अतिशयोक्ती वाटत असेल तर त्या काळात वाशीला राहणाऱ्या कुणालाही विचारा. खाडीवरचा पूल नुकताच झाला होता, सेक्टरांना नुसते आकडे होते, संध्याकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा वारा जास्त असायचा, आणि त्या वाऱ्यातून डावा हात छातीशी धरून, मनगटाला पांढरा रुमाल गुंडाळून मामा चाललेले दिसायचे. नवखा माणूस हळहळायचा, की बिचाऱ्यांचा हात मोडलेला दिसतो. रुमालाच्या आत घड्याळ होतं. घड्याळाला हवा लागू नये असं काही मामांचं म्हणणं नव्हतं. त्याला फक्त जगातल्या इतर कुठल्याही वस्तूचा स्पर्श होऊ नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

घड्याळ त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. मामा महाप्याच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात होते. कारखाना उभा राहत असताना यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला आणि सहा-सात महिने राहिला. मामांनी त्याला गेज लावून दिले, मामींनी पुरणपोळ्या खाऊ घातल्या. यांपैकी नेमकं कशामुळे ते ठाऊक नाही, पण जाताना साहेबानं मनगटावरचं घड्याळ उतरवून मामांच्या हातात बांधलं. दुसऱ्या कुणी ते भेट म्हणून मिरवलं असतं. मामांनी ते ठेव म्हणून सांभाळायला घेतलं. "उद्या साहेब परत आला आणि म्हणाला, बघू माझं घड्याळ, तर काय दाखवू? चरे?" साहेब परत येणार नव्हता. तो कधी येईल असं कारखान्यात कुणाला वाटतही नव्हतं. पण मामा त्याच्या येण्याची तयारी दहा-अकरा वर्षं रोज करत होते.

तरीही ओरखडे पडायचेच. इतकं जपल्यावर ते कसे पडायचे, हे मला कधी कळलं नाही, पण जपण्याच्या धांदलीतच बरेचसे पडले असावेत असा माझा संशय आहे. दर रविवारी सकाळी मामा बाल्कनीत खुर्ची उन्हाकडे तोंड करून मांडायचे, कारखान्यातलं भिंग डोळ्याला लावायचे आणि रुमाल सोडून घड्याळाची तपासणी करायचे. काचेवरच्या बारीक चऱ्यांवर त्यांचा इलाज होता. जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा, त्यावर तांदळाएवढी टूथपेस्ट, आणि काटे फिरतात त्याच दिशेनं हलक्या हातानं घासणं. उलट्या दिशेनं घासलं तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उरलेला चहा मुकाट्यानं संपवला. काचेचं हे असं निभायचं. सोन्याच्या कडेवर मात्र इलाज नव्हता, कारण पॉलिश केलं की प्रत्येक वेळी थोडं सोनं झिजतं. म्हणून तिथले ओरखडे कायमचे होते, आणि मामांनी त्यांना नावं दिली होती. एक होता 'तुर्भे नाका', तिथं बसमधून उतरताना दांडीला लागलेला. एक होता 'सत्यनारायण', शेजाऱ्यांच्या पूजेत घंटेला घासलेला. आणि एक, अगदी बाराच्या आकड्याच्या वर, माझ्या नावाचा होता. आमच्या लग्नात मी वाकून नमस्कार केला तेव्हा मामांनी मला उठवून मिठी मारली आणि माझ्या कोटाचं पितळी बटण घड्याळाच्या कडेला घासलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेलो की चहाबरोबर तो ओरखडा मला दाखवला जायचा. "राग नाही हो, जावईबापू. फक्त माहिती म्हणून." माझ्या वडिलांनीसुद्धा माझी एवढी चूक इतकी वर्षं लक्षात ठेवली नाही.

एकदा मुंबईच्या एका नावाजलेल्या घड्याळजीकडे ते मला घेऊन गेले. त्यानं भिंगातून पाहिलं, कौतुकानं मान हलवली आणि म्हणाला, "काका, वस्तू एक नंबर आहे. पण हातात घालायची चीज आहे, चरे पडायचेच. टेन्शन कशाला घेता?" मामांनी घड्याळ उचललं, रुमालात बांधलं आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "याला धंद्यातलं काही कळत नाही." नंतर त्या दुकानावरून जायचीही वेळ आली तर ते समोरच्या फुटपाथवरून जायचे. कारखान्यात काम करताना घड्याळ काढून ठेवायला लागायचं, त्याची सोय त्यांनी जेवणाच्या डब्यात केली होती. डब्याला चार कप्पे होते. तीन जेवणाचे आणि सगळ्यात वरचा कापूस घातलेला, घड्याळाचा. एका सोमवारी मामींच्या हातून कप्प्यांची अदलाबदल झाली आणि घड्याळ आठवडाभर लसणाच्या चटणीचा वास देत फिरलं. मामा त्या आठवड्यात मामींशी बोलले नाहीत. घड्याळाशी बोलत असावेत.

अशा घरात त्यांच्या मुलानं लग्न ठरवलं ते खाडीकाठच्या गावातल्या मुलीशी. आम्ही ज्या इमारतींत राहत होतो त्या ज्यांच्या भातशेतीवर उभ्या राहिल्या, त्या लोकांतली ती. दोघं एकाच ऑफिसात होती. मुलगी हुशार, कामाला वाघ, हसरी. पण मामींना तिचं बोलणं खटकायचं, स्वयंपाकातलं तिखट खटकायचं, मोठ्यानं हसणंही खटकायचं. मामा त्या वेळी फक्त "तुला आवडली ना? मग झालं," एवढं मुलाला म्हणाले आणि काच पुसायला बसले. लग्न झालं. तीन महिने झाले तरी मामींचा चेहरा काही सैल होईना. शेवटी त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर तुम्ही दोघं वेगळं बिऱ्हाड करा. मला रोजची कटकट नको." हे सुनेच्या कानावर गेलं होतं. तिनं मोठ्यानं हसणं बंद केलं, आणि कुठलीही गोष्ट विचारणंही बंद केलं. जे सांगतील ते मान खाली घालून करायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

खंडेनवमीला मामांच्या घरी हत्यारांची पूजा असायची. मामांची हत्यारं म्हणजे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा, ते भिंग आणि घड्याळ. आदल्या दिवशी ती देवांशेजारी ताम्हणात काढून ठेवायची त्यांची पद्धत होती. सकाळी मामी घड्याळ आणि भिंग बाजूला उचलून देव उजळायला घ्यायच्या. त्या वर्षी आम्ही दोघं सकाळीच जेवायला म्हणून गेलो. मुलगा ऑफिसला गेला होता, सुनेनं पूजेसाठी रजा घेतली होती, मामा आंघोळीला गेले होते, आणि मामी झेंडूची फुलं आणायला आमच्या हिला घेऊन बाजारात निघाल्या. निघता निघता सुनेला म्हणाल्या, "ताम्हणातलं सगळं लख्ख करून ठेव. माझ्यामागे बोलायला जागा ठेवू नकोस."

सुनेनं सगळं लख्ख केलं. चिंच आणि रांगोळी घेऊन तिनं बाळकृष्ण घासला, अन्नपूर्णा घासली, घंटा घासली, दोन्ही स्क्रू ड्रायव्हर घासले आणि घड्याळही घासलं. तीन महिन्यांत तिनं मामांच्या हाताला रुमालच पाहिला होता; रविवारी ते बाल्कनीत बसायचे तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. त्याच्या आत काय आहे हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि आपण होऊन विचारायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं. मी पेपर वाचत बसलो होतो. मामा पंचा गुंडाळून बाहेर आले, देवघराशी वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मी उठून बघायला गेलो. काच धुरकट पांढरी झाली होती, आत काटे फिरत होते एवढंच कळत होतं. सोन्याच्या कडेवर रांगोळीच्या कणांनी हजार बारीक रेघा मारल्या होत्या. तुर्भे नाका, सत्यनारायण, मी, सगळे एकदमच नाहीसे झाले होते.

सून मोरीच्या दारात उभी होती. मामांचं तोंड बघून तिला कळलं. हातातलं ताम्हण खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा, मीच घासला. देवांचे संगती ठेवलेला व्हता, मना वाटला तो पन घासाचा हाय." आणि मग अगदी हळू, "आता आई मना ठेवाच्या नाय."

मी मामांकडे बघायची हिंमत केली नाही. एका बटणासाठी ज्यांनी मला आठ वर्षं माफ केलं नाही, ते या पोरीला काय म्हणतील? मामांनी पंच्याला हात पुसले, घड्याळ उचललं, कानाला लावलं. चालू होतं. त्यांनी ते मनगटावर बांधलं, रुमाल घेतला नाही. सुनेला म्हणाले, "हात धुऊन घे. चिंच लागलीय बोटांना. आणि तू काहीही बोलू नकोस."

मामी आल्या. फुलांची पिशवी टेबलावर ठेवताना मामांचं उघडं मनगट त्यांना दिसलं आणि त्या जागीच थांबल्या. "अहो, हे काय? हे कुणी केलं?"

"मी," मामा म्हणाले. "ओरखडे फार झाले होते. म्हटलं, एकदाच काय ते काढून टाकू."

"रांगोळीनं?"

"रांगोळीनं."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. सुनेची मान खाली होती. मी झेंडूची फुलं मोजत होतो. मामी म्हणाल्या, "पूजा उरकून घ्या, पुऱ्या गार होतील," आणि आत गेल्या. मला वाटलं, निभावलं. दिवाळी आली आणि गेली, वेगळ्या बिऱ्हाडाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी त्या घरात सुकटीची चटणी होऊ लागली आणि मामी ती शेजारणींना वाटीतून द्यायलाही लागल्या.

मामा निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी, फारसं आजारी न पडता गेले. दिवस झाल्यावर आम्ही सगळे त्यांच्या खोलीत बसलो होतो. मामींनी कपाटातून घड्याळ काढलं. मुलानं हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "तुझं नाही ते," आणि ते सुनेच्या हातात ठेवलं. ती गोंधळली. मामी म्हणाल्या, "अगं, मला त्याच दिवशी कळलं होतं. जन्मात कधी चमचा विसळला नाही त्यांनी. रांगोळीचा डबा कुठल्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं."

"मग तुमी बोलल्या का नाय, आई?"

मामी पदराचं टोक बोटांना गुंडाळत राहिल्या. "ते पहिल्यांदाच कुणासाठी तरी खोटं बोलत होते गं. आणि इतकं वाईट बोलत होते. मी कशाला मध्ये बोलू?"

सुनेनं घड्याळ तळहातावर धरून वळवून पाहिलं. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आई, याला किल्ली कवा द्याची?"

"रोज सकाळी," मामी म्हणाल्या. "चहाच्या आधी. आणि जोरात नाही पिळायची."