कापसाच्या ढिगात लपवलेली माही फौज

पोट्टेहो, आज चुकलोच. टेबलावर दोन फौजा लढवाच्या खेळाची रविवारी नागपूरले स्पर्धा हाय. त्यासाठी रंगवलेले प्लास्टिकचे बोटभर सैनिक मी घरातल्या कापसाच्या ढिगात लपवले होते. लहान भाऊ रंग खरवडते म्हणून.

सकाळी भांडे घासून, पाणी भरून आलो तं व्यापारी घरात. त्यानं ओल पाहाले ढिगात कोपरापर्यंत हात घातला अन् तलवारवाला हिरवा राक्षस बाहेर काढला.

तो बाबाले म्हणाला, "काका, यंदा बोंडअळीले तलवार फुटली काय?"

बाबा माह्याकडे पाहून म्हणाले, "ह्याच्यापायी कापूस परतला, तं तुही स्पर्धा चुलीत."

मी म्हटलं, "शेठ, राक्षस कोरडा हाय ना? मंग कापूसबी कोरडा हाय. भरा गाडी."

शेठ हासला. गाडी भरली, गेली.

मंग गाडी भरताना वेचलेले सैनिक मोजले तं राजाच गायब. गाडीतच गेला तो. जाऊ द्या. गोठा झाडून, दळण आणून रविवारी मी जाईनच. राजाच्या जागी लसणाची पाकळी उभी करीन.

फक्त पाया पडतो, शेठले कोणी सांगू नका. कापसात प्लास्टिक हाय म्हणून त्यानं गाडी वापस आणली, तं बाबा मले घराबाहेर पडू देत नाहीत.