गोदावरीतले लाल धागे

आमच्या सरांच्या डोक्यात तेव्हा नॅनोचं खूळ शिरलं होतं. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांबद्दल वाचलं आणि माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शीर्षक ठोकून दिलं: 'गोदावरीतील नॅनोप्लॅस्टिक'. नॅनो कण आमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपला सात जन्मांत दिसले नसते, पण शीर्षक भारदस्त होतं. सरांना तेवढं पुरे.

डिसेंबरभर मी सकाळी गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) जाऊन काचेच्या बाटल्या भरायची. सर वरच्या रस्त्यावर स्कूटरवर बसूनच, नाकाला रुमाल लावून मार्गदर्शन करत. पंचवटीच्या बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय गं, काय शोधते पाण्यात?"

"प्लॅस्टिक."

समोर पिशव्यांचा थर तरंगत होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मेथीच्या जुड्या धुवायला घेतल्या.

पाणी गाळलेल्या कागदांवर प्लॅस्टिकचे बारीक लाल धागे सापडले. प्रत्येक नमुन्यात. सर हरखले, साऱ्या विभागात मिरवून आले. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू? मग नियम म्हणून ब्लँक लावला, म्हणजे नदीच्या पाण्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर तसंच गाळलं. त्यातही तेवढेच लाल धागे! नाशिकची थंडी, प्रयोगशाळेच्या निम्म्या खिडक्यांना काचा नाहीत, कागद टेबलावर उघडे वाळत पडलेले आणि माझ्या अंगात रोज लाल ॲक्रिलिकचा स्वेटर. गोदावरीचं म्हणून मी महिनाभर माझाच स्वेटर मोजत होते.

सरांना सांगितलं, सगळं पुन्हा करावं लागेल. सर खेकसले, "अगं, नदीत प्लॅस्टिक आहे ना? आहेच! मग तुझं कुठे अडलंय? ब्लँक रिपोर्टमध्ये घालू नकोस. की वर्ष वाया घालवायचंय?"

वर्ष घालवणं मला परवडणारं नव्हतं. रिपोर्टमधून ब्लँक गाळला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माणूस अभ्यासू निघाला. सगळी पानं नीट वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ब्लँक लावला होतात?"

सर लगेच खिडकीबाहेर बघू लागले.

"हो सर," मी म्हणाले. "एकदम स्वच्छ आला."

परीक्षकांनी शाबासकी दिली. सरांना मी आजही ढोंगी म्हणते. पण ते वाक्य त्यांनी मला पढवलेलं नव्हतं.