चिंधी बांधलेलं गिलकं

माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगून टाकते. मी म्हटलं, गिलकं चोरीला गेलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बी द्यायचं नाही म्हणून सांगते." थंडी पडली की आमच्या वरवट बकाल गावात घरोघरी परस उकरणं सुरू होते, अन् भाजीच्या आधी असे किस्सेच जास्त उगवतात.

गिलकं माझ्या आईच्या बियाण्याचं. आई गेली, तेवढा वेल राहिला. शेवटचं एक गिलकं बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिलं, कोणी तोडू नये म्हणून लाल चिंधी बांधली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हेच बी देईन, असं गल्लीभर सांगून बसले होते.

*

शेजारच्या शोभानं मसाल्याच्या डब्यातले भाजलेले धणे कुंडीत पेरले. रोज पाणी.

"शोभे, भाजलेले धणे उगवत नसतात."

"नाही तर नाही. वास तर येऊन राह्यला ना!"

अन् ही बाई मला बियाण्यावरून खोटी ठरवते.

*

माझा पहिला संशय समोरच्या इंदूमावशीवर. माझ्या कुंपणातून हात घालून पुदिना तोडताना एकदा धरलं, तर म्हणे, "तोडत नाही वं, हात अडकला."

सरळ विचारलं, "मावशी, गिलकं तुम्ही नेलं काय?"

"मले तोंडात दात नाही. वाळलेलं गिलकं काय चावू?"

*

मग आमच्या घरच्यांनी, म्हणजे ह्यांनी, तपास केला. वेलाखाली उभे राहिले, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"वांदरानं नेलं."

"वांदरानं गाठ सोडली, अन् चिंधीची घडी घालून ओट्यावर ठेवली?"

"आजकालची वांदरं हुशार झाली," म्हणाले, अन् आंघोळीला निघून गेले.

*

हळदीकुंकवाला शेवटी प्लास्टिकच्या वाट्या वाटल्या.

"बी नाही तर नाही, उखाणा तरी घे," शोभा म्हणाली.

मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. दवाखान्यात विचारलं तरी शोभाच सांगते. म्हटलं, "वाटी घे अन् घरी जा."

"कंजूस आहे," इंदूमावशी म्हणाली अन् दोन वाट्या उचलल्या.

*

होळी जवळ आली. उन्हाळी वेलांचा मांडव कुठे घालावा, म्हणून मी परसात फिरत होते. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडते, तिथे पाईपाच्या तोंडाशी ही दाटी! गिलक्याची रोपं.

शोभाला, इंदूमावशीला हाक मारली. मग न्हाणीत शिरले. घंगाळामागे साबणाच्या फेसात माझं गिलकं. सालटं काढून घासणी केलेली, बी सारं पाण्यासोबत वाहून गेलेलं.

ते घेऊन बाहेर आले. हे ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर काही खाली घेतला नाही. पेपराआडूनच म्हणाले, "पाठ लई खाजून राह्यली होती."

इंदूमावशीनं तोवर दोन रोपं पदरात घेतली होती. "आता सांग बाई," ती म्हणाली, "कोणी नेलं होतं?"

मी पदर खोचला, अन् पार चौकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं,

"देविदास."