चांदीची चकती आणि मरोळचा मसाला

लॅबमधले किस्से कोणी जमवत नाही. ड्रॉवरमधल्या जुन्या वायरींसारखे ते आपोआप साठतात, एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

आमची लॅब अंधेरी पूर्वेला. काम सांगायला सोपं. काचेच्या चकतीवर चांदीचे, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे करायचे, त्यावर पदार्थाचा थेंब ठेवायचा आणि लेझर मारायचा. त्या उंचवट्यांमुळे अगदी कणभर पदार्थाचाही सिग्नल वाढतो आणि स्क्रीनवर त्याचा आलेख उमटतो. वैताग एवढाच, की चकती आपण शोधतो तेवढंच दाखवत नाही. असेल ते सगळं दाखवते!

*

रेश्मा आमच्यात सगळ्यात टापटीप. एकदा खिडकीत राहिलेल्या चकत्या काळ्या पडल्या. मागे नाला, त्याच्या वायूने चांदी काळवंडणारच. रेश्माने दिवाळीआधी घरी निरांजनं घासतात तशा त्या टूथपावडरने घासल्या. लखलखीत!

देवस्थळी सरांनी, म्हणजे आमच्या गाइडनी, त्यातली एक लावून बघितली. सिग्नल शून्य. उंचवटे घासून सपाट झाले होते.

"छान झालीय गं," सर म्हणाले. "आता हिचे पैंजण करून घाल."

*

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. कोणीतरी भक्तिभावाने थेट लेन्सच्या बाजूलाच हळद-कुंकू वाहिलं. हळद लेझरखाली अशी काही चमकते, की पुढे काहीही तपासलं तरी स्क्रीनवर एकच डोंगर. सगळ्यांच्या कामाची वाट लागली.

सर कापूस घेऊन स्वतः साफ करत बसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी हळद मला लावा. माझा सिग्नल तसाही कोणी बघत नाही."

*

सरांचे मुलुंडचे शेजारी एकदा सोन्याचे नॅनोकण बघायला मुद्दाम आले. सोनं इतकं बारीक केलं की पाण्यात ते लाल दिसतं. शेजाऱ्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला.

"आमच्या सोनाराने हे दाखवलं असतं ना," ते म्हणाले, "तर मी पोलीस बोलावले असते!"

*

आता ग्लेन. मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. त्याची मम्मी दर उन्हाळ्यात बॉटल मसाला, म्हणजे बाटल्यांत ठासून भरलेला त्यांचा घरचा तिखट मसाला, करते आणि विकते. गावठाणात तिचं नाव आहे ते या मसाल्यावर.

ग्लेनची पीएचडी तिखटात भेसळ म्हणून मिसळतात त्या रोडामाइनवर. हा कापड रंगवायचा गुलाबी रंग. तुलनेसाठी त्याला खात्रीचा शुद्ध नमुना हवा होता, म्हणून त्याने घरची बाटली आणली, स्वतः उघडली आणि चकतीवर मसाला लावला.

स्क्रीनवर रोडामाइन. अगदी पुस्तकातल्यासारखं!

त्याने पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेवटी घरी जाऊन सांगितलं, "मम्मी, तुझ्या मसाल्यात रंग आहे."

मम्मीने सगळ्या ऑर्डरी थांबवल्या. त्याच्याशी बोलणंही थांबवलं. खरं सांगतो, आम्हालाही वाईट वाटत होतं, पण आलेखापुढे काय बोलणार?

मग एका सकाळी ती स्वतः रिक्षाने लॅबमध्ये आली. हातात त्याच मसाल्याची दुसरी, न उघडलेली बाटली.

"माझ्यासमोर करा," म्हणाली.

सर स्वतः बसले. नवे हातमोजे, नवी चकती. आम्ही सगळे मागे उभे. रोडामाइनचा मागमूस नाही!

सरांनी वळून ग्लेनच्या हातांकडे पाहिलं. चकत्या नीट चालतात का, हे तो रोज रोडामाइन टाकूनच तपासायचा, आणि हातमोजे "गरम होतं यार" म्हणून घालायचा नाही. त्याची नखं गुलाबी होती.

"अभिनंदन मॅडम," सर घाईघाईने म्हणाले, "तुमचा मसाला एकदम शुद्ध आहे!"

"ते मला ठाऊक होतं," मम्मी बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "हा इथे काय शिकतो, ते बघायला आले होते."