दारातला चपराशी

जयवंताबाई सोनकांबळे पळसखेडीला नर्स म्हणून रुजू झाली ती चौऱ्याऐंशी सालच्या पोळ्यानंतर. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, मुधोळपासून तीन कोसांवर, काळ्या रानातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. उपकेंद्र म्हणजे शाळेला लागून एक खोली. त्यात एक बाक, एक लोखंडी कपाट आणि तेलुगूत छापलेली सहा रजिस्टरं. जयवंताबाईची आई लक्ष्मीबाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदत, कापूस वेचत आली. तिनंच लेकीला दहावीपर्यंत रेटलं होतं. नवरा नागनाथ मुधोळला मराठी माध्यमाच्या वर्गांचा मास्तर. तो सायकलनं जाऊन-येऊन करायचा.

गावानं तिला आठवड्याभरात 'सिस्टरबाई' म्हणायला सुरुवात केली. पण आजाऱ्यापाशी बोलवायला कोणी तयार नव्हतं. बाळंतपणाला जुनी सुईण होती, तापाला अंगारा होता. जयवंताबाई आपली पिशवी घेऊन घरोघर फिरायची, गोळ्या द्यायची, लोक गोळ्या घ्यायचे आणि कोनाड्यात ठेवायचे.

कुत्र्याबद्दल तिला पहिल्या महिन्यातच कळलं. शेजारची वच्छलाबाई एका सकाळी सहज सांगावं तसं म्हणाली, "पांडुरंगरावाचं आता काही खरं नाई. चपराशी दारात बसून राह्यला."

"कोन चपराशी?"

वच्छलाबाईनं मान वळवून दाखवलं. बोळाच्या टोकाला एक काळं कुत्रं बसलं होतं. मोठं, उभ्या कानांचं, अंगावर कुठं पांढरा ठिपका नाही. तहसीलचा चपराशी समन घेऊन येतो आणि सही होईपर्यंत दारातून हलत नाही, तसं हे कुत्रं यमाचं समन घेऊन येतं, असं गाव मानत होतं. त्याला कोणी धोंडा मारत नसे आणि भाकरही घालत नसे. पांडुरंगराव म्हातारे होते, तिसऱ्या दिवशी गेले. जयवंताबाईनं रजिस्टरात नोंद केली आणि विषय सोडून दिला.

पण कुत्र्याचा हिशेब पुन्हापुन्हा बरोबर येत गेला. ते ज्याच्या दारात बसे तिथं खरंच कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असे. घरात बुद्धवंदना म्हणणारी बाई, यमावर तिचा विश्वास नव्हता. तरी तिला हे कोडं वाटायचं.

उलगडा झाला तो एका दिवेलागणीला. ती उपकेंद्राच्या पायरीवर रक्त तपासायच्या काचेच्या स्लाइडी पुसत बसली होती. समोर मारुतीच्या देवळापाशी तीन वाटा मिळतात. तिथं एक माणूस द्रोणात दहीभात घेऊन आला. घरातल्या आजाऱ्यावरून ओवाळून आणलेला उतारा. त्यानं तो तिठ्यावर ठेवला आणि पाठ फिरवून घरी निघाला. देवळामागून काळं कुत्रं आलं, त्यानं द्रोण चाटूनपुसून साफ केला आणि मग ते त्या माणसाच्या मागोमाग चालू लागलं, अजून काही मिळेल या आशेनं. त्याच्या घरापर्यंत गेलं आणि दारात बसलं. उतारा टाकून येताना मागं वळून बघायचं नसतं, आणि त्या वेळी दुसरं कोणी तिठ्याकडं फिरकत नसे. म्हणून इतक्या वर्षांत कुत्रं मागून येतं हे गावात कोणाला दिसलंच नव्हतं.

घरी जाऊन तिनं नागनाथला सांगितलं. तो हसत राहिला. म्हणाला, "सांग की गावाले."

"सांगते. आधी कोनी माझं ऐकलं तर पायजे."

शहाऐंशीच्या मार्गशीर्षात, कापसाची वेचणी भरात असताना, उद्धवरावांची सून रेणुका बाळंत झाली. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं, सुइणीच्या हातानं. मुलगी झाली. सहाव्या दिवशी दुपारी जयवंताबाई जन्माची नोंद घ्यायला गेली तर दारात कुत्रं होतं आणि ओसरीवर बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

आतल्या खोलीत रेणुका बाजेवर पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, दात वाजत होते, आणि खोलीत एक वास भरून राहिला होता. तो वास जयवंताबाईला ट्रेनिंगपासून माहीत होता. तिनं नाडी धरली आणि बाहेर आली.

"हिला आत्ताच्या आत्ता भैंशाच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आत पू झाला हाये. इंजेक्शनं पडली तर वाचंल."

उद्धवराव खाटेवर बसले होते. माणूस वाईट नव्हता. सून आणली तेव्हा त्यानं हुंडा मागितला नव्हता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टरबाई, चपराशी सकाळपासून बसून राह्यला. पोरीचा जीव रस्त्यात, गाडीत काऊन घालवायचा? घरात तरी जाऊ द्या. तिच्या भावाले निरोप धाडला आमी."

तिनं समजावलं. पुन्हा समजावलं. तापाचा आकडा सांगितला, कोणत्या गावची कोण बाई अशीच वाचली ते सांगितलं. उतारा आणि कुत्रं यांचा संबंधही सांगू लागली, पण ओसरीवरच्या बायांनी एकमेकींकडं असं पाहिलं की तिचे शब्द तिथंच राहिले. रेणुकाचा नवरा सुधाकर खांबाला टेकून उभा होता. तो बापाकडं बघत होता, बाप जमिनीकडं.

तेव्हा जयवंताबाई म्हणाली, "तो हिच्यासाठी नाई बसला."

उद्धवरावांनी वर पाहिलं. "मंग?"

"माझ्यासाठी. आठ रोज झाले, माझ्याच मागं फिरून राह्यला. मी कोनाले बोलली नाई."

आपण हे बोलणार आहोत हे तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. ती पिशवी उचलून अंगणाबाहेर निघाली. पिशवीत दुपारची भाकर आणि ठेचा होता. कुत्र्यानं नाक वर केलं, उठलं आणि तिच्या मागं चालू लागलं. ती वीस-पंचवीस पावलं गेली, थांबली, कुत्रंही थांबलं. ओसरीवरच्या सगळ्यांनी ते पाहिलं.

सुधाकर गोठ्यात गेला आणि बैल सोडून आणू लागला.

गाडीत गोधड्या घालत असताना उद्धवरावांची आई कौशल्याबाई बाहेर आली. ती जयवंताबाईला चहा द्यायची तर बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात द्यायची. तिनं आज तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, लेकरं किती तुमाले?"

"दोन हायेत."

म्हातारीनं हात सोडले नाहीत.

रेणुका चौदा दिवसांनी चालत घरी आली. गावानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला: सून सुटली, आता सिस्टरबाईची पाळी. लोक तिच्याशी एकदम गोड वागू लागले. रस्त्यात बाजूला होऊन वाट देत. कोणी हरभऱ्याची भाजी आणून दिली, कोणी लोणचं. एका बाईनं तर उसनं नेलेलं पातेलं दोन वर्षांनी परत केलं. नागनाथ म्हणायचा, "मरायच्या आधीच तेरवी चालू झाली तुझी." ती हसायची. कुत्र्याला त्या दिवशी तिनं भाकर घातली होती, तेव्हापासून ते रोज तिच्याकडं येत होतं. तीही चतकोर टाकायची.

पौषात तिला ताप आला. हुडहुडी भरून, ठराविक वेळी. मलेरिया होता हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. स्वतःच्या बोटाला सुई टोचून तिनं स्लाइड मुधोळला पाठवली, गोळ्या सुरू केल्या. पण गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो. बाया बघायला येऊ लागल्या. येत, भिंतीला टेकून बसत. मरणाऱ्यापाशी बसतात तशा. आणि उघड्या दारातून तिला समोर कुत्रं दिसायचं, पुढच्या पायांवर डोकं ठेवून बसलेलं.

चौथ्या दिवशी बाया गेल्यावर ती नागनाथला म्हणाली, "त्याले हाकला."

"काऊन?"

"हाकला म्हन्ते न."

"अवं, तूच त्याले भाकर घालते. भाकरीसाठी येऊन राह्यलं ते."

"मले माहीत हाये. तरी हाकला."

नागनाथनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि छत्री घेऊन बाहेर गेला. कुत्रं उठून गेलं. पाव तासानं परत येऊन त्याच जागी बसलं. तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. नागनाथ सोडला तर सगळं कारण ठाऊक असलेली या गावात ती एकटी होती, आणि तरी तिचे कान दाराकडंच लागले होते. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटूनही भीती गेली नाही. रेणुकाच्या अंगणात सहज तोंडून निघालेलं वाक्य आता तिच्याच उशाशी येऊन बसलं होतं.

सातव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली. गावानं एकमतानं ठरवलं की यमानं कागद वापस घेतला. सिस्टरबाईपुढं चपराशाचं चालत नाही.

यानंतर जे झालं ते तिच्याही ध्यानीमनी नव्हतं. लोक तिला बोलवायला येऊ लागले. "सिस्टरबाई, चपराशी आमच्या दारात बसला, या लवकर." पूर्वी कुत्रं बसलं की घरचे हात टेकत, आता धावत उपकेंद्रावर येत. ती जायची, आजाऱ्याला बघायची, हगवण असली तर मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून पाजायची, गरज पडली तर गाडी जुंपायला लावायची. लोक जुंपायचे. जाताना कुत्र्याला भाकर दाखवून सोबत न्यायची, तेवढ्यानं घरच्यांच्या जिवात जीव यायचा.

नागनाथला हे पटत नव्हतं. "तू अंधश्रद्धा वाढवून राह्यली," तो म्हणायचा.

"मानसं तर वाचून राह्यली न."

"ते खरं हाये," तो म्हणायचा आणि वह्या तपासायला बसायचा.

तिनं एकदा कौशल्याबाईला उताऱ्याची गोष्ट नीट सांगून पाहिली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते उताऱ्याच्या मागं येते हे खरं असंल. पन उतारा टाकायची बुद्धी कोन देते?"

मुधोळच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. डॉक्टर तेलुगू, बोलायचे हिंदीत. "पळसखेडी का पेशंट टाइम पे कैसे आता है? बाकी गाँव का तो आख़िर में आता है."

"गाँववाले ख़बर कर देते हैं, सर," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

नव्वद साली मकरसंक्रांतीच्या आसपास कुत्रं मेलं. कापसाची लॉरी सडकेवरून जात होती, तिच्या चाकाखाली आलं. म्हातारंही झालं होतं, ऐकू कमी येत असावं. गावातल्या चार माणसांनी ते पळसाखाली पुरलं. जयवंताबाईही जाऊन उभी राहिली.

त्याच वर्षी भादव्यात मोतीराम वारला. मोतीराम चाळिशीचा, शेतमजूर, अंगानं धट्टाकट्टा. जुन्या विहिरीचं पाणी प्याला आणि ओकाऱ्या-हगवण लागली. जयवंताबाईला हे कळलं तिसऱ्या दिवशी दुपारी, तेही पिठाच्या गिरणीवर, कोणाच्या तरी बोलण्यात. दळण तिथंच टाकून ती गेली. मोतीरामचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तिनं चमच्यानं पाणी घालून पाहिलं, ते गालावरून खाली आलं. गाडी दारात यायच्या आत तो गेला.

त्याची बायको ताराबाई रडत नव्हती. जयवंताबाईनं हळूच विचारलं, "ताराबाई, मले काऊन नाई बोलावलं? दोनशे पावलांवर तर घर हाये माझं."

"चपराशी आला नाई न, बाई," ताराबाई म्हणाली. "मले वाटलं, उतरंन."

"तो तर मेला. तुमाले माहीत हाये."

"हाये. पन एक चपराशी गेला का दुसरा येतेच न. मी दार उघडं ठिऊन बसली तीन रोज."

तीन वर्षं लोकांनी कुत्रं बसलं की आपल्याला बोलवावं, हे जयवंताबाईनंच चालू दिलं होतं. कुत्रं बसलं नाही तर बोलवू नये, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते त्यातच आलेलं होतं. संध्याकाळी नागनाथनं ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. 'मी म्हनलं होतं' असं तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ती घरोघर फिरू लागली. प्रत्येक दारात उभी राहून सांगायची की कुत्रं उताऱ्याच्या भाताला येत होतं, आणि उद्धवरावांच्या अंगणात आपण खोटं बोललो. काही लोकांना राग आला. उद्धवराव महिनाभर बोलले नाहीत. कौशल्याबाई तेवढी म्हणाली, "खोटं बोलली, पन गाडी तर जुंपली न," आणि तिला ओसरीवर बसवून घरातल्याच कपात चहा दिला.

लोक ऐकत होते, पण नुसती मान हलवून. सरकारी दवंडी ऐकावी तसं.

महिना झाल्यावर ताराबाई उपकेंद्रावर आली. म्हणाली, "मी येते तुमच्यासोबत."

"काऊन?"

"येते."

पहिल्याच घरी जयवंताबाईनं नेहमीचं सांगायला सुरुवात केली: तीन वेळा पातळ झालं की पुडी, लेकरू पाणी पिईना की धावत या. घरची सून चौकटीत उभी राहून मान हलवत होती. ताराबाई मध्येच म्हणाली, "मी तीन रोज वाट पाह्यली, बाई." बास, एवढंच. ती सून आत गेली आणि दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन आली. पोराची मान खांद्यावर पडली होती.

"सकाळपासून हाये," ती म्हणाली.

जयवंताबाईनं पिशवीतून पुडी काढली आणि उकळून गार केलेलं पाणी आहे का ते विचारलं. नव्हतं. ताराबाईनं चूल पेटवली.

चौऱ्याण्णवला जयवंताबाईची बदली गुडीहत्नूरकडं झाली. नवी नर्स येईपर्यंत सात महिने उपकेंद्राला कुलूप होतं. त्या काळात पळसखेडीत पुड्या ताराबाईच्या घरी मिळायच्या, चुलीवरच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी.