पुसेल तो पुढे बसेल

आणि पप्पा, मी अजूनही तेच म्हणतो. जावयाला कुणी गाडी पुसायला देतं का?

सख्खा मुलगा बादली घेऊन उभा असताना?

आज वर्ष झालं तुम्हाला जाऊन. सगळे चांगलं चांगलं लिहितायत. मी भांडण लिहितोय. आपलं ते अर्धंच राहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पप्पा लखनौला सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. आम्ही मूळ अकोल्याकडचे, पण मी वाढलो लखनौच्याच महानगर कॉलनीत. पप्पांनी जन्मभर साहेबांची पांढरी गाडी चमकवली. रिटायर व्हायच्या आधी स्वतःची घेतली. सेकंड हँड. आणि तीही गडद निळी.

निळीवर सगळं दिसतं.

आमच्या बोअरचं पाणी खारं. गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली की अंगभर पांढरे ठिपके. मग बसा घासत. म्हणून रविवारी सकाळी, ऊन बॉनेटवर यायच्या आत गाडी कोरडी पाहिजे.

"धुणं काय, कुणीही धुतं. काम पुसण्यात आहे." हे तुमचं.

त्यासाठी तो पिवळा फडका. ओला असला की मऊ, वाळला की पापड. तुम्ही तो प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवायचे. आईच्या मसाल्याच्या डब्यालाही घरात एवढा मान नव्हता.

मी मागितला होता.

"दहावी पास हो. मग घे."

"गाडी पुसायला दहावी कशाला लागते, यार पप्पा?"

"तुला लागते. आत्ता हातात दिला तर हेच करत बसशील. बादली आण."

दहावी काही झाली नाही. बादल्या मात्र खूप आणल्या.

मग ताईचं लग्न झालं आणि राहुल जिजू आले. वर्ध्याचे. पीएचडी. लखनौतच सायंटिस्ट, गोमती नगरला फ्लॅट. पहिल्याच रविवारी बाह्या वर करून म्हणतात, "पप्पा, मी काही करू का?"

आणि तुम्ही डबा उघडला.

आई दारातून ओरडली, "अहो, जावई आहेत ते!"

समोरच्या बाल्कनीतून मिश्राजी, "अरे भाईसाहब, दामाद से गाड़ी पोंछवा रहे हैं?"

तुम्ही छाती पुढे काढून, "साइंटिस्ट हैं. ख़ुद माँगा है."

जिजूंनी छत पुसलं, काचा पुसल्या, दारं पुसली. आरसे विसरले. आरशाच्या आत पाणी लपून बसतं, मागाहून ओघळतं आणि पुसलेल्या दारावर रेघ मारतं.

मारली.

मी ती चूक केली असती तर तुमचा आवाज पलीकडच्या कपूरथला मार्केटपर्यंत गेला असता.

त्यांना काय म्हणालात? "होतं असं, राहुलराव. आरशाला हलकेच थापटायचं, पाणी बाहेर येतं. मग पुसायचं."

हलकेच! हा शब्द तुमच्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर ब्रेक सुकवायला एक चक्कर. तुमचा नियम होता, पुसेल तो पुढे बसेल. जिजू यायच्या आधी पुसायचेही तुम्ही, चालवायचेही तुम्ही. शेजारची सीट रिकामी. मी मागे, ओल्या पँटखाली पेपर अंथरून.

ती रिकामी होती तोवर मला वाटायचं, ती माझीच आहे.

त्या रविवारी तिथे जिजू बसले. काच खाली करून, हात बाहेर टाकून.

आई म्हणते, "अरे, आयुष्यभर यांनी साहेबांच्या गाड्या पुसल्या. एक साहेब यांची गाडी पुसत होता. बघू दे ना त्यांना डोळे भरून."

हाँ, कळतं मला. कळलं तरी जळतंच.

आता मी चाकणला आहे. शोरूमच्या मागे नव्या गाड्या पुसतो. इथे मला सगळे यूपीवाला म्हणतात, ते सोडा. फडके खोकं भरून येतात. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने एक माझ्या अंगावर फेकला. दहावीचं विचारलंसुद्धा नाही.

जे होऊ नये म्हणून तुम्ही डबा बंद ठेवला, तेच झालं, पप्पा.

सगळ्यांच्या गाड्या पुसल्या. आपली सोडून.

शेवटी तुम्हाला दवाखान्यात नेलं तेही जिजूंनी, त्याच गाडीतून. मी इथे तिकीट शोधत होतो. त्यांनी धावपळ केली, मानतो. पण मला त्याचाही हेवा वाटतो. हे कुणाला सांगायचं?

परवा ताईचा फोन आला. "सुन ना, पप्पांची गाड़ी खड़ी-खड़ी सड़ रही है. बॅटरी गेली. आलमबागचा एक डीलर रविवारी बघायला येतोय. राहुल सकाळी धुऊन-पुसून ठेवणार आहे. चमकली तर दाम चांगला मिळेल."

म्हणजे शेवटचं पुसणंही त्यांचंच?

जिजू, तुम्ही हे वाचताय, माहीत आहे. पहिला लाईक तुमचाच असतो.

माझं एक ऐका. धुवायची तर धुवा. पण पुसू नका. डबा उघडूच नका. सरळ उन्हात उभी करा. चांगले ठसठशीत ठिपके पडू द्या, बॉनेटवर, काचांवर, सगळीकडे. डीलर बघेल आणि तोंड वाकडं करून जाईल.

मला दिवाळीला सुट्टी मिळतेय. ठिपके मी काढतो. पुसतोही मीच. आरशांसकट.

मग ब्रेक सुकवायला चक्कर. तुम्ही मागे बसा. पेपर मी अंथरतो.

पप्पा, जयभीम. भांडण मिटलेलं नाही.

ताई, डीलरला नाही म्हणून सांग. नव्या बॅटरीचे चार हजार आठशे आजच पाठवतोय.